दुधाआधी उखाणा

समुद्रपूर,
१८ नोव्हेंबर १९५७

ती. वन्सं,

आधी वाकून नमस्कार, मग भांडण. भाऊबीजेला येते म्हणालात आणि आर्वीतून हलला नाहीत. तुमचे भाऊ पाटावर बसायला तयार होते, ओवाळणारी बहीणच नाही! शेवटी तुमच्या वाटणीच्या करंज्या मीच खाल्ल्या, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

आता माझी बातमी. लग्नात तुम्ही माझ्या कानात सांगितलं होतं, 'कापडाच्या दुकानामागच्या खोलीत नुसती बसून राहशील तर वेडी होशील, सुलोचनेच्या मंडळात जा.' तर मी गेले! भगिनी सेवा मंडळाची मी आता पक्की सेविका आहे. तुमची बालमैत्रीण म्हणून सुलोचनाबाई आधी मला पाहुणीसारखं जपत होत्या. आता म्हणतात, साताऱ्याची पोर कामाला वाघ आहे. निळ्या काठाचं पांढरं पातळ नेसून आम्ही दर शनिवारी, बाजाराच्या दिवशी, शाळेच्या पडवीत जमतो. परदेशातून दुधाच्या भुकटीची पिंपं येतात. ज्यांच्या घरी तान्ही मुलं आहेत त्यांना ती भुकटी द्यायची आणि कोमट पाण्यात कशी कालवायची ते सांगायचं. सुलोचनाबाई आणि बाकीच्या आतल्या वर्गात भुकटी चाळतात, बाहेर टेबलाशी मी. मला खुर्ची! आणि सगळे मला 'बाई' म्हणतात. माहेरी मी नुसती 'कुमे' होते. ऐकायला गोड लागतं हो, खोटं कशाला बोलू?

परवाच्या शनिवारी जी मजा झाली ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाल्यापलीकडे गोंडांच्या वस्तीचा टोला आहे ना, तिथला एक माणूस रांगेत आला. उंच, हाडकुळा, हातात घासून लख्ख केलेला पितळी तांब्या, इकडे गडवा म्हणतात तो. मी विचारलं, 'कोणासाठी?' म्हणाला, 'बाईसाठी जी.' मी म्हटलं, 'हे दूध लेकरांसाठी आहे, बायकांसाठी नाही.' तर मान हलवून म्हणतो, 'हो जी. बाईले दूध पायजे. बाई रडून राह्यली घरी.'

मला हसू आवरेना! तुमच्या वऱ्हाडातले नवरे बायकांचे लाड करतात हे मला ठाऊक आहे. आपल्या दुकानातला कवडूसुद्धा रोज संध्याकाळी 'बाईसाठी नेतो जी' म्हणून मुरमुऱ्यांची पुडी बांधून नेतो. पण दुधासाठी रडणारी बायको आणि तिच्यासाठी रांगेत उभा नवरा मी जन्मात पाहिला नव्हता. मी म्हटलं, 'बरं, नाव काय बाईचं?' तर हा खाली बघून हसला, अंगठ्याने जमीन उकरली आणि म्हणाला, 'नाव नाई जी. बाईच म्हनतो.' अस्सा लाजला! तोवर आतल्या सगळ्या बाहेर आल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, नाव घ्यायला लाजता तर उखाण्यात घ्या! उखाणा घ्या, दूध न्या! पडवीभर हशा. तो आपला गडवा छातीशी धरून उभा. शेवटी रांग खोळंबली म्हणून मी म्हटलं, 'उखाणा पाठ करून पुढच्या शनिवारी या,' आणि पुढच्याला बोलावलं. तोही हसतच गेला.

सुलोचनाबाई म्हणाल्या, संक्रांतीच्या मेळाव्यात ही गोष्ट मी सगळ्यांसमोर सांगायची, नकलेसकट. मी आरशासमोर सराव करते आहे. तुमचे भाऊ म्हणतात, दुकान बंद करून तुझं नाटक काढू.

तुम्ही संक्रांतीला नक्की या. पुन्हा फसवलंत तर तिळगूळही मीच खाईन.

तुमची,
कुमुद

*

आर्वी,
२३ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. कुमुद,

सुखी राहा. हे मुद्दाम पाकिटात घालून पाठवते आहे. कार्डावर लिहिलं असतं तर पोस्टमनपासून दुकानातल्या गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांनी वाचलं असतं. एकटी बसून वाच.

मला आधी सांग, तो माणूस काय म्हणाला? तू लिहिलंस ते त्याचे शब्द आहेत, का तू आपल्या पदरचं घातलंस? 'बाई रडून राह्यली घरी.' असंच म्हणाला? असंच म्हणाला असेल तर पोरी, मोठा घोटाळा झाला.

अगं, आमच्या इकडे बाई म्हणजे बायको नाही. कोणता माणूस चारचौघांत बायकोला बाई म्हणेल? घरची म्हणेल, पोराची माय म्हणेल. बाई म्हणजे लेक. पाळण्यातलं पोरगं असेल तर बाबू, पोरगी असेल तर बाई. आमचे बाबा मला शेवटपर्यंत बाईच म्हणत होते. मी दोन लेकरांची आई झाले तरी बाई! बबनला, तुझ्या नवऱ्यालाच विचार. आणि कवडूची बाई दुसरीत शिकते, तिच्यासाठी तो मुरमुरे नेतो. बायकोसाठी कुठले आलेत मुरमुरे!

नाव नाही म्हणाला ते लाजून नव्हे गं. नाव ठेवलंच नसेल, बारसं झालंच नसेल, तर सांगेल काय तो?

आता पुढचा विचार कर. मी कालपासून तोच करते आहे आणि मला घास गिळवत नाही. बारशाच्या आतली पोर, आणि तिच्यासाठी दूध मागायला बाप येतो. माय काऊन नाई आली? मायच्या अंगावर दूध असतं तर तो गडवा घासून तुझ्या टेबलापाशी आला असता का? माह्या मनात नाई नाई ते येऊन राह्यलं. राग आला, भीती वाटली, की माझी शाळेतली मराठी अशी पळून जाते, तू समजून घे.

शनिवारची वाट पाहू नको. कवडूला बंडी जुंपायला सांग, भुकटीचा डबा घे आणि टोल्यावर जा. पाहून ये आणि मग मला लिही.

शोभा

*

समुद्रपूर,
२७ नोव्हेंबर १९५७

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. तेव्हापासून मी नीट जेवलेली नाही, एवढं तरी खरं माना.

तुमच्या भावांना सहज विचारल्यासारखं विचारलं, 'इकडे बाई कोणाला म्हणतात हो?' ते ठाणाच्या घड्या घालत म्हणाले, 'पोरीला.' 'आणि बायकोला?' 'बायकोला काहीच म्हणत नाहीत. ती ऐकते थोडीच?' नेहमीची थट्टा. एरवी मी परत टोला हाणला असता. काल मी उठून आत गेले.

पण वन्सं, तुम्ही म्हणता तसंच असेल कशावरून? तो माणूस हसत होता हो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्याचं मूल घरी उपाशी आहे तो असा हसेल का? तसं असतं तर त्याने हात जोडले असते, रडला असता, काहीतरी बोलला असता. मी काय वाघ आहे का खायला? आणि उखाण्याचं म्हणाल तर ते कोणीतरी मधेच काढलं, मग सगळ्याच हसायला लागल्या. मी एकटीच हसले असं नाही.

गेल्या शनिवारी तो आला नाही. टोल्यावर जायचं तर मी एकटी कशी जाणार? सुलोचनाबाईंना बरोबर या म्हणायचं तर त्यांना सगळं सांगावं लागेल. मेळावा दीड महिन्यावर आला आहे, सगळ्या माझ्या नकलेची वाट बघताहेत. मी असं ठरवलं आहे की या शनिवारी तो आला की मी काही न बोलता त्याला दुप्पट भुकटी देईन. म्हणजे त्याचंही काम होईल आणि कोणाला काही कळणारही नाही.

तुम्ही रागावू नका. रागावलात तर मला लिहायला इथे दुसरं कोणी नाही.

कुमुद

*

आर्वी,
३० नोव्हेंबर १९५७

कुमुद,

हे पत्र नाही, रट्टा आहे. समोर असतीस तर पाठीत घातला असता.

'कोणीतरी मधेच काढलं.' हे कोणीतरी कोण? तुझ्या लग्नाच्या पंगतीत तू घासाघासाला उखाणा घेतलास आणि आमचं अख्खं वऱ्हाड तुझ्या तोंडाकडे बघत बसलं. समुद्रपूरच्या बायकांना मी लहानपणापासून ओळखते. त्यांना उखाणा घे म्हटलं की पदर तोंडात कोंबतात. त्यांना हे सुचायचं नाही. मी तुला विचारत नाही. तू स्वतःलाच विचार.

आणि त्याचं हसणं. माय माय माय! आमच्याकडचा गरीब माणूस तहसीलदारापुढे हसतो, मास्तरापुढे हसतो, शिव्या खातानाही हसतो. ते हसू आहे का? त्याला बिचाऱ्याला तुमची बोली धड येत नाही, समोर टेबल, खुर्ची, पांढरी पातळं. हसला नसता तर काय केलं असतं त्याने? तुझ्याशी वाद घातला असता?

'कोणाला काही कळणार नाही' असं लिहिलंस. ते वाचून मला माझ्याच माहेरच्या घराची लाज वाटली. तान्हं लेकरू शनिवार बघून उपाशी राहते का?

हे पत्र मिळेल त्या घडीला ऊठ. पातळ बदलू नको, केस विंचरू नको. जा.

शोभा

*

समुद्रपूर,
५ डिसेंबर १९५७

ती. वन्सं,

गेले होते. पोर जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण पाकीट फोडताना तुमचा जीव टांगणीला लागला असेल.

बाकीचं लिहायला काल बसले होते, जमलं नाही. आज लिहिते.

तुमचं पत्र आलं तशी मी दुकानात जाऊन तुमच्या भावांना म्हटलं, 'मला कवडू आणि बंडी हवी आहे, का ते आल्यावर सांगते.' त्यांनी माझं तोंड बघितलं आणि कवडूला हाक मारली. नाल्याच्या उतारावर मी कवडूला म्हटलं, 'कवडू, तुझ्या बाईचं नाव काय रे?' 'विमल जी. दुसरीत हाय. लय हुशार हाय माही बाई.' 'आणि तिच्या आईचं?' तर त्याने मान फिरवली, कान लाल झाले, आणि बैलांना उगाच हाकलायला लागला. वन्सं, दोन्हींमधला फरक बंडीच्या एका वळणात समजला. एवढंच विचारायचं होतं त्या दिवशी, आणि मला विचारता आलं नव्हतं.

टोल्यावर बहुतेक माणसं कापूस वेचायला गेली होती. धुरपता नावाची एक म्हातारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मला लगेच ओळखलं. त्या शनिवारी तीही रांगेत होती, नातवासाठी भुकटी घ्यायला. 'दूधवाली बाई आली,' म्हणाली आणि मला एका झोपडीशी घेऊन गेली.

त्याचं नाव पुनाजी. त्याची आई रामबाई दाराशी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. शेळीच्या दुधात पाणी घातलं होतं, त्यात चिंधी भिजवून ती पोरीच्या तोंडात पिळत होती. शेळीही आटत आली होती. पोरीचं तोंड म्हातारीसारखं सुरकुतलेलं, आणि रडण्याला आवाज नाही, नुसतं तोंड उघडायचं. 'आई कुठे आहे?' असं मी विचारलं तर रामबाई धुरपताशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. धुरपताने मला सांगितलं, 'सुंदरा बाळंतपनातच गेली जी. दसऱ्याच्या आंधी.'

कोणीतरी पुनाजीला शेतातून बोलावून आणलं. पळत आला. मला बघून थबकला, तसाच आत गेला आणि तो पितळी गडवा घेऊन बाहेर आला. मी त्याला काही सांगणार तोच तो माझ्यापासून लांब उभा राहिला, अगदी रांगेत उभा होता तसा. धुरपताकडे बघितलं. तिने मान हलवली. आणि वन्सं, त्याने मला उखाणा म्हणून दाखवला.

'नाल्याच्या काठी मोहाचं झाड,
सुंदरा गेली, बाईले दूध वाढ.'

आणि गडवा पुढे केला.

मला काही कळेना. मग कळलं. 'उखाणा पाठ करून पुढच्या शनिवारी या,' असं मीच म्हटलं होतं ना! त्याने ते खरं मानलं होतं. मागच्या दोन्ही शनिवारी तो का आला नाही? मी विचारलं तर म्हणाला, 'पाठ नोयता झाला जी.' धुरपता म्हणाली, 'आमच्या बोलीत असलं राहत नाई. म्याच जोडून देला. पन सुंदराचं नाव आलं का याचा आवाजच बसे. जितेपनी तिचं नाव याच्या तोंडातून कोनी आयकलं नाई.'

मी तिला म्हटलं, 'आजी, त्या दिवशी तुम्ही रांगेत होतात, तुम्हाला सगळं माहीत होतं. मग का नाही बोललात?' ती माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाली, 'आमाले वाटलं तुमचा रिवाज असन. लग्नात घेता, तसा दुधापायीबी घेत असान.'

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कोणीतरी म्हणजे मी. उखाण्याचं मीच काढलं. आणि तुम्हाला न लिहिलेली आणखी एक गोष्ट आहे. तो 'बाई' म्हणाला ते आतल्या बायकांना ऐकूच गेलं नव्हतं. मीच ओरडून बोलावलं, 'अहो, लवकर या, हा माणूस बायकोसाठी दूध मागतोय!' सुलोचनाबाईंच्या कानावर त्याचा शब्द पडला असता तर त्यांनी त्याला तिथल्या तिथे भुकटी दिली असती. त्या सगळ्या माझ्या शब्दाला हसल्या.

टोल्यावर मी हात जोडले. म्हटलं, 'पुनाजी, मी चुकले, मला माफ करा.' तर त्याचा चेहरा पडला. उखाण्यात काहीतरी चुकलं असं वाटलं त्याला. म्हणाला, 'दुसरा घेऊ का जी?'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली बसले, चुलीवर पाणी कोमट करायला लावलं आणि भुकटी कालवली. पोरीने वाटीभर दूध पिऊन टाकलं आणि झोपली. डबा ठेवला, रामबाईला कालवून दाखवलं. निघताना तिने माझ्या पदरात बोरं घातली. ती कोनाड्यात ठेवली आहेत. खाववत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

तुमच्या भावांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, 'मला विचारायचं होतंस.' त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

तुम्हाला काय वाटेल ते लिहा. मी वाचेन.

कुमुद

*

आर्वी,
११ डिसेंबर १९५७

चि. कुमुद,

तुझं पत्र तुळशीपाशी उभी राहून वाचलं. पोर जिवंत आहे हे पहिल्या ओळीत लिहिलंस, त्याबद्दल तुझे बाकीचे गुन्हे अर्धे माफ.

तुला रट्टे घालताना मी एक गोष्ट लपवली. आता तू आपलं सगळं लिहिलंस तर मीही लिहिते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा इथल्या आमच्या मंडळाच्या बायका अंगणात चरखे घेऊन बसल्या होत्या. 'माझ्या भावजयीचं पत्र ऐका' म्हणून मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, आवाज काढून. 'बाई रडून राह्यली' तेही त्याच्या आवाजात. सगळ्या हसल्या. मी हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी इथलीच, मला माझ्या बापाने जन्मभर बाई म्हटलं, आणि तो शब्द माझ्या स्वतःच्या तोंडातून निघाला तरी मला ऐकू आला नाही. तू बायको लिहिलं होतंस म्हणून मी बायकोच वाचलं. बायका उठून गेल्या, मी पत्राची घडी घालत होते, तेव्हा बाबांची हाक आठवली आणि पत्र पुन्हा उघडून वाचलं.

तेव्हा तुला नावं ठेवायला मी कोण? तरी मोठी आहे म्हणून सांगते. मी उद्या इथल्या बायकांना बसवून सगळं सांगणार आहे. त्या हसल्या होत्या, त्यांना कळलं पाहिजे. तूही सांग. मेळाव्यात तू गोष्ट सांगायची हे ठरलेलंच आहे ना? मग सांग. नक्कल करू नको. त्या माणसाचं नाव घेऊ नको. तुझं घे.

संक्रांतीला माझं येणं होत नाही, यांचा दमा उसळला आहे. मी समोर असते तर तू माझ्याकडे बघून बोलली असतीस. बरंच झालं म्हणायचं.

आणि ती बोरं खा गं. मनापासून दिलेली वस्तू अशी वाळवत ठेवू नये.

तुझी,
शोभा

*

समुद्रपूर,
२७ जानेवारी १९५८

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. यांच्याकडून कळलं की तिकडच्यांचा दमा आता बरा आहे. जीव भांड्यात पडला. तिळगूळ वेगळा पाठवला आहे, माझ्या हातचा आहे, त्यामुळे दातांनी जपून खा.

मेळावा झाला. शाळेच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या, हळदीकुंकू झालं, मग सुलोचनाबाई म्हणाल्या, 'आता आमची कुमुद एक गंमत सांगेल.' मी उभी राहिले. बायका आधीच हसायच्या तयारीने सरसावून बसल्या होत्या. मी सांगायला लागले, आणि 'बाईसाठी जी' इथवर आले तशी पहिल्या ओळीतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, 'अवो, मंग लेक असन ना त्याची!' पुढचं मी कसं सांगितलं ते मला आठवत नाही. सांगितलं सगळं. मी ओरडले, मी काढलं, मी पुढच्याला बोलावलं, असं 'मी, मी' करत शेवटपर्यंत गेले.

मग सुलोचनाबाई उठल्या. 'आमीबी हासलो,' एवढंच म्हणाल्या आणि कुंकवाचा करंडा उचलून आत गेल्या. काहीजणी रागावल्या. सणासुदीला कशाला हे काढलं, मंडळाची अब्रू गेली, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. वाण लुटताना मला उखाणा घे म्हणतील असं वाटलं होतं, कोणी म्हटलं नाही. मी घेतलाही नसता.

आता टेबलाशी मंडळातल्या विमलाबाई बसतात, कवडूच्या लेकीच्या नावाच्या. इथल्याच आहेत, रांगेत कोणी आलं की आधी विचारतात, 'बाबू का बाई?' एवढा साधा प्रश्न! मी आतल्या वर्गात भुकटी चाळते. बाजारात कोणी मला 'बाई' म्हणून हाक मारली तर मी अजून दचकते.

पुनाजी दर शनिवारी येतो. पोरीला फडक्यात बांधून छातीशी घेऊन येतो. तिच्या गालांवर थोडं मांस चढलं आहे आणि आता रडते ती पडवीभर ऐकू जाते. बारसं अजून व्हायचं आहे, आत्या लांबच्या गावी आहे, ती आल्यावर कानात नाव सांगणार. तोवर बाईच.

पण वन्सं, तो आला की विमलाबाईंकडून भुकटी घेत नाही. 'त्या बाईले बलवा' म्हणतो. मी बाहेर येते. तो लांब उभा राहतो, घसा साफ करतो आणि उखाणा घेतो. तोच, मोहाच्या झाडाचा. मग गडवा पुढे करतो. पहिल्यांदा मी म्हटलं, 'आता नका घेऊ हो.' त्याने मान डोलावली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मला वाटलं, देवा, हा मला शिक्षा करतो आहे का? तसं असेल तर ती मला मिळायलाच हवी, असंही वाटलं.

परवाच्या शनिवारी मी त्याला बाजूला नेलं आणि जमेल तशा वऱ्हाडीत समजावून सांगितलं. 'पुनाजी, दुधासाठी उखाणा घ्यायचा नसतो. ती माही चुकी होती. दूध तसंच भेटते.'

तो म्हणाला, 'मालूम हाय जी. धुरपतानं कवाच सांगतलं.'

'मग काऊन घेता?'

त्याने पोरीच्या टाळूवरचं फडकं नीट केलं. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, 'घेऊ द्या जी. घरी तिचं नाव काढता येत नाई, माय रडते. जितेपनी म्या कधी घेतलं नाई. शनवारी इथं तेवढं निंघते तोंडातून.'

मी त्याला पुन्हा रांगेत जाऊ दिलं. त्याने उखाणा घेतला. तो म्हणून होईपर्यंत माझी मान काही वर झाली नाही. मग मी त्याचा गडवा भरला.

बोरं खाल्ली. आंबट होती.

तुमची,
कुमुद